एक ओळ, सात वाचने

समजा, एका दगडावर दहा-बारा शब्दांची एकच ओळ कोरलेली आहे. दगड लपवून ठेवलेला नाही, कोणीही जाऊन तो पाहू शकतो. अक्षरे काही ठिकाणी झिजली असली तरी बरीचशी शाबूत आहेत. तर मग ही ओळ वाचायला विद्वानांना किती वेळ लागावा? तुम्ही म्हणाल, एक दिवस, फार तर एक महिना! पण चेन्नईजवळच्या एका टेकडीवर असा एक दगड आहे, की तो १५४७ साली सापडला आणि त्यावरच्या ओळीतील काही शब्दांविषयी अजूनही एकमत झालेले नाही. एवढ्या काळात त्या एकाच ओळीची निदान सात वेगवेगळी वाचने पुढे आली. कोणाला त्यात एका संताचे चरित्र दिसले, कोणाला धर्मतत्त्व दिसले, कोणाला प्रश्नोत्तर दिसले, तर कोणाला चक्क एक सुंदर पक्षी दिसला!

ही हकीकत इतिहासाची खरी, पण ती विज्ञानाच्या मासिकात सांगण्यासारखी आहे. कारण ‘आपण लावलेला अर्थ बरोबर आहे हे कशावरून?’ हा जो प्रश्न प्रयोगशाळेत आपल्याला रोज पडतो, तोच या दगडासमोर उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधण्याची रीतही तीच आहे.

टेकडीवरचा दगड

चेन्नईच्या दक्षिणेला सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी संत थॉमस हे इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर आले आणि पुढे मैलापूरजवळ त्यांना हौतात्म्य आले, अशी दक्षिण भारतातील ख्रिस्ती समाजाची जुनी परंपरा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या टेकडीवर चर्च बांधायला घेतले. जुन्या बांधकामाचे अवशेष उकरत असताना त्यांना ही शिला मिळाली. शिलेच्या मधोमध क्रूस कोरलेला आहे. त्याच्या तळाशी कमळाच्या पाकळ्या आहेत, माथ्यावर खाली झेपावणारा पक्षी आहे आणि भोवती कमान आहे. त्या कमानीच्या पट्टीवर कोणालाच ओळखू न येणाऱ्या लिपीत एक ओळ कोरलेली आहे.

ही ओळ वाचायची कोणी? पोर्तुगीज लेखकांनी नोंदवून ठेवले आहे, की विजयनगरच्या राज्यातील एका विद्वान ब्राह्मणाला बोलावण्यात आले. त्याने सांगितले, की यातील एकेक चिन्ह म्हणजे एकेक अक्षर नसून अनेक शब्दांचा समूह आहे. मग त्याने त्या छोट्या ओळीतून संत थॉमस यांच्या आगमनाची आणि मृत्यूची लांबलचक कथा वाचून दाखवली. ऐकणाऱ्यांना हवे होते तेच ऐकायला मिळाले, त्यामुळे ते प्रसन्न झाले. जवळजवळ तीनशे वर्षे हेच वाचन युरोपातल्या पुस्तकांतून फिरत राहिले.

यात चूक कोठे झाली? तो ब्राह्मण खोटे बोलला असे म्हणण्याचे कारण नाही. पण त्याच्या पद्धतीत एक मोठा दोष होता. एका चिन्हाचा अर्थ वाटेल तेवढा लांब करता येत असेल, तर कोणत्याही ओळीतून कोणतीही कथा काढता येईल. ज्या नियमाने सगळेच सिद्ध करता येते, त्याने काहीच सिद्ध होत नाही. हे वाक्य तुम्ही वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लिपी ओळखली, तरी कोडे सुटेना

१८७३ साली या कोड्याला खरी वाट मिळाली. मद्रास इलाख्यातील एक न्यायाधीश आर्थर बर्नेल हे दक्षिण भारतातील लिप्यांचे मोठे अभ्यासक होते. ही लिपी पहलवी आहे असे त्यांनी दाखवून दिले. पहलवी ही इराणमध्ये सासानी राजांच्या काळी चालणारी भाषा आणि लिपी. पारशी बांधवांचे कितीतरी धर्मग्रंथ याच लिपीत आहेत. केरळात कोट्टायमच्या वलिया पळ्ळी या चर्चमध्ये असेच क्रूस आहेत आणि त्यांवरही पहलवी लेख आहे, हेही ध्यानात आले.

बर्नेल यांनी लावलेल्या अर्थाचा आशय असा होता: क्रूसाची शिक्षा होऊन ज्याने यातना सोसल्या, तोच खरा ख्रिस्त, वरचा देव आणि सदैव पवित्र असा मार्गदर्शक.

झाले, कोडे सुटले! पण नाही. लगेच १८७४ साली मार्टिन हाउग यांनी निराळा अर्थ मांडला. हे जर्मन पंडित १८५९ ते १८६६ या काळात आपल्या पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. दस्तूर होशंगजी जामास्पजी या पुण्याच्या पारशी विद्वानांबरोबर त्यांनी पहलवीवर काम केले होते. त्यांच्या मते लेखाचा आशय असा: जो मसीहावर, वरच्या देवावर आणि पवित्र आत्म्यावर श्रद्धा ठेवतो, त्याच्यावर क्रूसाच्या यातना सोसणाऱ्याची कृपा असते. मसीहा म्हणजे ख्रिस्तच.

तिसरे नाव आहे एडवर्ड वेस्ट यांचे. हे गृहस्थ पेशाने इंजिनियर. मुंबईत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत ते मुख्य अभियंत्याच्या पदापर्यंत पोहोचले. नोकरीच्या काळातच त्यांनी कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांच्या नकला उतरून घेतल्या आणि पुढे ते पहलवीचे जगन्मान्य पंडित झाले. त्यांना या ओळीत एक प्रश्न आणि त्याचे उत्तर दिसले. क्षमाशील आणि उन्नत करणाऱ्या मसीहाला कष्टांतून कशाने सोडवले? झाडावरच्या क्रूसारोहणाने आणि त्याच्या यातनांनी!

१९२४ साली मुंबईचे प्रसिद्ध पारशी विद्वान सर जीवनजी जमशेदजी मोदी यांनी चौथाच अर्थ सांगितला. त्यांच्या वाचनात शिला स्वतःच बोलते: मी निनेव्हेहून आलेला सुंदर पक्षी आहे, मला शापूरने लिहिले, पवित्र आणि क्षमाशील मसीहाने मला काट्यातून सोडवले. क्रूसाच्या माथ्यावर पक्षी कोरलेला आहेच, त्यामुळे हा अर्थ कानाला गोडही लागतो.

आता विचार करा. हे चौघेही अभ्यासू होते. यातले कोणीही चिन्हांना मनमानी अर्थ देणारे नव्हते. तरीही चौघांचे चार अर्थ निघाले. असे का व्हावे?

चिन्हे थोडी, ध्वनी फार

याचे उत्तर पहलवी लिपीच्या घडणीत आहे. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. मूळच्या बावीस अक्षरांपासून ती तयार झाली, पण लिहिता लिहिता अक्षरांचे आकार इतके सोपे होत गेले, की कित्येक अक्षरे एकसारखी दिसू लागली. ग्रंथांत वापरल्या जाणाऱ्या पहलवीत जेमतेम तेरा-चौदा वेगळे आकार उरले. एकच साधी उभी रेघ ‘न’ असू शकते, ‘व’ असू शकते आणि ‘र’ही असू शकते. ‘ग’, ‘द’ आणि ‘य’ यांचीही तीच गत. ‘च’ आणि ‘ज’ यांना वेगळी चिन्हे नाहीत. ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहीतच नाहीत.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण आपल्याकडेही मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द न तोडता सलग लिहितात. जुन्या देवनागरी हस्ताक्षरात ‘ख’ आणि ‘रव’ यांचा घोटाळा होत असे, म्हणूनच छापताना ‘ख’चे पाय जोडायची पद्धत आली.

शब्द न तोडता लिहिल्याने काय होते ते पाहा. एका झिजलेल्या दगडावर एवढीच अक्षरे उरली आहेत असे समजा: ‘गाडीथांबवूनका’. याचे वाचन ‘गाडी थांबवू नका’ असे केले तर तो हुकूम झाला. ‘गाडी थांबवून का’ असे केले तर पुढचा भाग तुटलेला एक प्रश्न झाला. अक्षरे तीच, पण अर्थ दोन टोकांचे!

दुसरी अडचण याहून मजेची आहे. पहलवी लेखक काही शब्द लिहीत एका भाषेतला आणि वाचीत दुसऱ्या भाषेतला! लिहायचा जुना अरमाईक भाषेतला शब्द आणि उच्चारायचा फारसी. तुम्ही म्हणाल, असे कोण करील? अहो, आपण सगळेच करतो. ‘५’ हे चिन्ह पाहून मराठी मुलगा ‘पाच’ म्हणतो आणि इंग्रज मुलगा ‘5’ हा आकार पाहून ‘फाइव्ह’ म्हणतो. आकार उच्चार सांगत नाही, अर्थ सांगतो. पहलवीत असे पुष्कळ नेहमीचे शब्द आहेत. ‘मदम’ असे लिहायचे आणि ‘वर’ या अर्थाचा फारसी शब्द वाचायचा, ‘देना’ असे लिहायचे आणि ‘हा’ या अर्थाचा शब्द वाचायचा.

तिसरी अडचण सुरुवातीची. लेख सरळ ओळीत नाही, कमानीवरून वळत गेला आहे आणि त्याचे एक लांब व एक आखूड असे दोन भाग आहेत. आधी कोणता वाचायचा? बर्नेल यांनी आखूड भाग आधी घेतला, वेस्ट यांनी लांब भाग आधी घेतला.

आता थोडे गणित करू या. समजा, ओळीत फक्त बारा जागा संशयाच्या आहेत आणि प्रत्येक जागी दोनच पर्याय आहेत. तर एकूण वाचने किती? दोन गुणिले दोन असे बारा वेळा, म्हणजे ४,०९६! सुरुवात कोठून करायची हा संशय धरला तर याच्या दुप्पट, म्हणजे ८,१९२. यातली बहुतेक निरर्थक असतील. पण हजारांतून पाच-सहा जरी अर्थपूर्ण निघाली, तरी विद्वानांत वाद व्हायला तेवढी पुरेशी आहेत.

नाव लपले होते

१९२८ साली ऑक्सफर्डला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत विन्कवर्थ या इंग्रज अभ्यासकांनी पाचवे वाचन मांडले, आणि १९२९ साली ते छापून आले. त्यांच्या मते ओळीचा अर्थ साधा होता: हे प्रभू ख्रिस्ता, हे कोरणारा चहारबुख्तचा मुलगा सुरयानी अफ्रास याच्यावर दया कर.

सुरयानी म्हणजे सिरियाक भाषा बोलणाऱ्या, त्या परंपरेतल्या लोकांपैकी. या वाचनात ना संताचे चरित्र, ना धर्मतत्त्वाची चर्चा. एका माणसाचे नाव, बापाचे नाव आणि एक विनवणी, इतकेच.

खरी गंमत वेस्ट आणि विन्कवर्थ यांची वाचने शेजारी शेजारी ठेवली की कळते. वेस्ट यांनी एक शब्द ‘मदम-अफ्रास’ असा जोडून वाचला होता आणि त्याचा अर्थ ‘वर उचलणारा’ असा केला होता. विन्कवर्थ यांनी तो तोडला. ‘मदम’ म्हणजे ‘वर’ आणि ‘अफ्रास’ हे माणसाचे नाव, म्हणजे ‘अफ्रासवर’! पुढचे शब्द वेस्ट यांनी ‘अज खार बुख्त’ असे वाचले होते. ‘खार’ म्हणजे काटा किंवा कष्ट, ‘बुख्त’ म्हणजे सोडवले, म्हणून ‘कष्टांतून सोडवले’. विन्कवर्थ यांनी तीच चिन्हे एकत्र करून ‘चहारबुख्त’ असे बापाचे नाव वाचले. ज्या शब्दाचा अर्थ वेस्ट यांनी ‘क्षमाशील’ केला होता, तोच येथे ‘दया’ झाला. दगडावरचा एक ओरखडाही बदलला नव्हता. फक्त शब्द कोठे तोडायचा आणि कोठे जोडायचा, एवढाच फरक!

‘चहारबुख्त’ हे नाव ओढूनताणून बनवले असे कोणाला वाटेल. पण ‘बुख्त’ किंवा ‘बोख्त’ शेवटी असलेली नावे त्या काळच्या इराणी ख्रिस्ती लोकांत होती. विज्ञानाच्या इतिहासात तर असे एक प्रसिद्ध नाव आहे. सातव्या शतकात सेव्हेरस सेबोख्त नावाचे एक विद्वान बिशप होऊन गेले. भारतीय लोक नऊ चिन्हांनी गणित करतात, असे कौतुकाने त्यांनी ६६२ साली लिहून ठेवले. आपले अंक पश्चिमेकडे पोहोचू लागल्याचा हा फार जुना पुरावा आहे. ‘सेबोख्त’ची फोड ‘तिघांनी तारलेला’ अशी करतात. ‘से’ म्हणजे तीन, तर ‘चहार’ म्हणजे चार. आपल्या ‘चार’चा तो भाऊच आहे, नाही का?

पंडितांना हे नाव आधी का दिसले नाही? नाव असेल अशी अपेक्षाच नव्हती म्हणून. क्रूसाभोवतीचा लेख म्हणजे त्यात काही गंभीर धर्मवचन असणार, अशी मनाची तयारी झाली होती. मग प्रत्येक शब्दाला अर्थ असलाच पाहिजे म्हणून विशेषनामाची ओढाताण होऊन त्याचे विशेषण आणि क्रियापद झाले.

डोळ्यांवर अपेक्षेचा चश्मा

अपेक्षेचा हा चश्मा भौतिकशास्त्रज्ञांच्याही डोळ्यांवर चढतो. १९०३ साली फ्रान्समधील नान्सी येथे ब्लाँद्लो या नामवंत भौतिकशास्त्रज्ञांनी ‘एन-किरण’ सापडल्याचे जाहीर केले. इतरही अनेकांना ते दिसू लागले. १९०४ मध्ये वुड नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. अंधारात प्रयोग चालू असताना त्यांनी उपकरणातील लोलक हळूच काढून घेतला. लोलकाशिवाय परिणाम दिसताच कामा नये, पण निरीक्षकांना तो दिसतच राहिला! एन-किरण अस्तित्वातच नव्हते. ब्लाँद्लो अप्रामाणिक नव्हते. अंधुक प्रकाशात त्यांना जे पाहायचे होते तेच त्यांना दिसत होते. झिजलेले अक्षर म्हणजे असाच अंधुक प्रकाश.

निकाल कसा लावायचा?

मग विन्कवर्थ यांचाही अर्थ अपेक्षेतून आला नसेल कशावरून? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर शाबास! वाचन हे एक गृहीतक असते आणि गृहीतकाची परीक्षा घ्यावी लागते. येथे चार कसोट्या लावता येतात.

पहिली कसोटी अशी, की प्रत्येक चिन्हाचा हिशेब लागला पाहिजे. एखादे अडचणीचे चिन्ह सोडून देता येणार नाही. दुसरी, एका चिन्हाला एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरा ध्वनी दिला, तर त्याला लिपीचा आधार हवा, केवळ आपली सोय नको. तिसरी, तयार होणारे वाक्य त्या काळच्या व्याकरणात बसले पाहिजे. चौथी, अशा जागी अशा प्रकारचा मजकूर लोक खरोखर लिहीत असत का, हे पाहिले पाहिजे.

या चौथ्या कसोटीसाठी लांब जायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. तेथील खांबांवर ते दान करणाऱ्यांची नावे आहेत. धेनुकाकट गावच्या माणसांची आहेत, स्वतःला यवन म्हणवणाऱ्यांचीही आहेत. आपल्या गावच्या देवळात जा. पायरीवर, घंटेवर, अगदी छताच्या पंख्यावरसुद्धा ‘अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याकडून’ असे लिहिलेले दिसेल. देवापुढे वस्तू ठेवताना माणूस बहुधा तत्त्वज्ञान लिहीत नाही, आपले आणि आपल्या वडिलांचे नाव लिहितो. म्हणून नाव आणि प्रार्थना असलेले वाचन आधीपासूनच अधिक संभवनीय ठरते.

आणखी एक मोठी मदत आहे, ती म्हणजे नकला. कोट्टायमखेरीज केरळात मुट्टुचिरा, कडमट्टम आणि आलंगाड येथेही असे क्रूस आहेत आणि मजकूर बराचसा तोच आहे. प्रयोगशाळेत तुम्ही लंबकाचा आवर्तकाल एकदाच मोजत नाही, पाच वेळा मोजता. का? कारण प्रत्येक मोजमापात थोडी चूक होते, पण ती दर वेळी वेगळी असते. तसेच एका दगडावर एक अक्षर झिजले असेल, तर दुसऱ्या दगडावर ते शाबूत असू शकते.

पण सावध! तुमची मोजपट्टीच टोकाला झिजलेली असेल तर शंभर वेळा मोजूनही चूक तशीच राहील. क्रूस कोरणाऱ्या गवंड्याला पहलवी येत नसेल आणि त्याने समोरच्या नमुन्यावरून आकार उतरवले असतील, तर नमुन्यातील चूकही प्रत्येक नकलेत उतरेल. म्हणून नकला मोजून भागत नाही. कोणती कोणावरून उतरली तेही तपासावे लागते.

दगडाचे वय किती?

तुमच्यापैकी कोणीतरी नक्की विचारील, ‘सर, कार्बन पद्धतीने वय का काढत नाहीत?’ प्रश्न चांगला आहे. कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे असते. झाड किंवा प्राणी मेल्यावर त्यातला कार्बन-१४ घटत जातो आणि उरलेल्या प्रमाणावरून काळ काढता येतो. पण ही शिला कधीच जिवंत नव्हती. इतर पद्धतींनी खडकाचे वय काढले, तरी तो खडक केव्हा तयार झाला एवढेच कळेल. छिन्नी केव्हा चालली ते कळणार नाही.

म्हणून अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा लागतो. बर्नेल यांनी सातवे-आठवे शतक सुचवले होते. इतर अभ्यासकांचे अंदाजही साधारण सहाव्या ते नवव्या शतकांच्या आसपास फिरतात. याला बाहेरचा आधारही आहे. केरळात कोल्लम येथील तरिसापळ्ळी या चर्चला ८४९ साली मिळालेल्या ताम्रपटांवर साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि त्यांतल्या काही पहलवीत आहेत. म्हणजे त्या काळी त्या किनाऱ्यावर पहलवी लिहिणारी माणसे खरोखर होती. त्याहीपूर्वी, सहाव्या शतकाच्या मध्याला कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने मलबारातील ख्रिस्ती लोकांची नोंद केली आहे. ‘कल्लिआना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असतो असेही तो लिहितो. हे कल्लिआना म्हणजे आपले मुंबईजवळचे कल्याण असावे, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते.

काय ठरले, काय राहिले?

१९७० साली जर्मन अभ्यासक गेर्ड ग्रॉप यांनी टेकडीवरचा लेख पुन्हा तपासला. त्यांच्या वाचनातही ख्रिस्ताकडे दयेची प्रार्थना आहे आणि चहारबुख्त हे नाव आहे. पण मुलाचे नाव त्यांनी अफ्रास नव्हे, तर सब्रिशो असे वाचले. ज्या शब्दाचा अर्थ विन्कवर्थ यांनी ‘सुरयानी’ केला होता तो ग्रॉप यांना आजोबांचे नाव वाटला: सूराय. २००१ साली गोव्यात आगशी येथेही असा एक क्रूस सापडला. त्याच्यावर पहलवीबरोबर पोर्तुगीज अक्षरेही आहेत. २००२ साली इटलीतील आणि केरळातील अभ्यासकांनी मिळून या सगळ्या क्रूसांचे एकत्र सर्वेक्षण प्रसिद्ध केले.

तेव्हा आजची स्थिती अशी आहे. लिपी पहलवी, ही गोष्ट पक्की. मजकूर एका माणसासाठी केलेली प्रार्थना आहे, ही गोष्ट भक्कम पायावर उभी आहे. त्या माणसाचे नेमके नाव काय, त्याने क्रूस कोरला की आणून दिला, ‘सूराय’ हे नाव की विशेषण, याचा वाद मात्र संपलेला नाही. शास्त्रात असे नेहमीच होते. सगळेच माहीत आहे किंवा काहीच माहीत नाही, असे दोनच पर्याय नसतात. कोणती गोष्ट किती पक्की, हे वेगवेगळे सांगता येणे म्हणजेच ज्ञान.

आणखी एक मुद्दा लक्षात ठेवा. या ओळीत संत थॉमस यांचे नाव नाही म्हणून त्यांच्या आगमनाची परंपरा खोटी ठरत नाही, आणि ओळ जुनी आहे म्हणून ती खरीही ठरत नाही. दगड त्या प्रश्नावर बोलतच नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर साक्षीदाराला ठाऊक नाही, तो प्रश्न त्याला विचारून आपल्याला हवे ते उत्तर त्याच्या तोंडी घालणे योग्य नव्हे. सोळाव्या शतकात नेमके तेच झाले होते. त्यात नुकसान कोणाचे झाले? सब्रिशो असो की अफ्रास, त्याचे! त्याने एवढ्या कष्टाने दगडावर मागितलेली दया जवळजवळ चारशे वर्षे कोणाला ऐकूच आली नाही.

करून पाहा

एका कागदावर दहा-बारा शब्दांचे वाक्य शब्द न तोडता, ऱ्हस्व-दीर्घ न पाळता लिहा. वाक्यात एक अनोळखी आडनाव मुद्दाम घाला. पाच-सहा अक्षरांवर ओले बोट फिरवून ती पुसट करा. पाच मित्रांना हा कागद द्या. एकमेकांना न विचारता प्रत्येकाने आपले वाचन लिहून काढायचे. दोघांना आधीच सांगा की ही एक म्हण आहे, दोघांना सांगा की हे पत्रातले वाक्य आहे आणि एकाला काहीच सांगू नका. मग पाचही वाचने शेजारी मांडा आणि वर दिलेल्या चार कसोट्या लावा. कोणी आडनावाचे क्रियापद केले का, ते विशेष पाहा!

आणि मुंबईला जाणे झाले तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत जा. तेथील ९० क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर पहलवी अक्षरे आहेत. १००९ आणि १०२१ साली तेथे आलेल्या पारशी मंडळींनी ती कोरली आहेत. इंजिनियर वेस्ट यांनीच ती वाचून १८८० साली प्रसिद्ध केली. त्यांत काय लिहिले आहे, ओळखा पाहू? तारीख, त्यांची नावे आणि त्यांच्या वडिलांची नावे!